चांदणीची खोकी

साळूबाईच्या नातीच्या बारशाला मी पाळण्याशेजारी उभी राहून, झाडावरून तोडलेला पेरूसुद्धा श्वास कसा घेतो हे पाहुण्यांना समजावून सांगत होते. माझ्या सासूबाईंनी, म्हणजे गोजरबाईंनी, मला कोपरानं ढोसलं आणि हळूच म्हणाल्या, "भारती, आज पोरीचं नाव ठिवायचंय. पेरूचं न्हाई."

मी गप्प बसले. पण पंगतीत शेजारच्या बाईनं सहज विचारलं, "तुमचा पेरू कुठवर जातो हो?" आणि माझी गाडी पुन्हा सुरू झाली. बाईचं जेवण संपलं, पान उचललं गेलं, तरी मी खोक्याच्या भोकांपर्यंतच पोचले होते. अशी मी आहे. गावात मला पाहून माणसं रस्ता बदलत नाहीत, पण चालण्याचा वेग वाढवतात, हे मला दिसतं.

आमचं गाव राहात्याजवळ. माझं माहेर श्रीरामपूर. वडील भीमराज तिथल्या बाजारात हमाली करायचे. आई घरी सगळ्यांचे डबे भरायची आणि ते असे भरायची, की झाकण गुडघ्यानं दाबून लावावं लागे. वडील डबा उघडायचे तेव्हा भाकरी झाकणाला चिकटूनच बाहेर यायची. तिच्या हाताला माप नव्हतं. तोच हात मला मिळाला, आणि मी तो लग्नानंतर शेजवळांच्या घरात मोठ्या अभिमानानं घेऊन आले. आमच्याकडं पोहे खायला आलेल्या माणसाला जेवल्याशिवाय उठता येत नाही. पिशवीत वांगी भरून दिली तर पिशवीचे बंद तुटतात. याला लोक दिलदारी म्हणतात असं मी धरून चालले होते. प्रत्यक्षात काय म्हणत होते ते विचारायचं कधी सुचलं नाही.

माझे मालक सोपान. बोलणं कमी, काम जास्त. आमची थोडी जमीन आहे, तिच्यात पेरूची बाग. पूर्वी पेरू उसाच्या पाचटात घालून टेम्पोत ओतायचे आणि शिर्डीच्या रस्त्यावर विकायचे. पेरूची एक खोड असते. मार लागला की तो तेव्हाच सांगत नाही. दुसऱ्या दिवशी त्या जागी तपकिरी डाग उमटतो आणि तिसऱ्या दिवशी पेरू मऊ पडून जातो. त्यामुळं लांबच्या गावाला पाठवायची सोय नव्हती. मग आम्हा बायकांच्या बचत गटानं गावाबाहेर पत्र्याची शेड उभारली आणि पुठ्ठ्याच्या खोक्यांतून माल पाठवायला सुरुवात केली. सकाळी तोडलेले पेरू पुसायचे, निवडायचे, प्रत्येकाला फोमची पांढरी जाळी घालायची आणि कागदाच्या कात्रणांवर थर लावायचे. सासूबाई त्या जाळीला बंडी म्हणतात. "पेरूला बंडी अन् सोपानला फाटका बनियन," असं त्या शेडमध्ये येऊन सगळ्यांसमोर बोलतात.

गटानं मला राहुरीला कृषी विद्यापीठात शिबिराला पाठवलं. तिथल्या सरांनी चांगल्या गोष्टी सांगितल्या. फळ तोडलं तरी जिवंत असतं, ते श्वास घेतं, त्यातून उष्णता निघते, म्हणून खोक्याची भोकं बंद करायची नाहीत. आणि खोकं भरताना वर बोटभर जागा मोकळी सोडायची, म्हणजे वरच्या खोक्यांचं ओझं पुठ्ठ्याच्या भिंतींवर पडतं, फळावर पडत नाही. श्वासाची गोष्ट मला इतकी आवडली की ती मी परतीच्या एस्टीत कंडक्टरलासुद्धा सांगितली. बोटभर जागेची गोष्ट मात्र ऐकली आणि मनात म्हटलं, सर हुशार आहेत, पण कोत्या मनाचे दिसतात. कुणी आपलं खोकं उघडलं आणि ते वर रिकामं दिसलं, तर राहात्याची काय शोभा राहील?

शिबिराचं प्रमाणपत्र मी लॅमिनेट करून शेडमध्ये माठाच्या वर लावलं. पाणी प्यायला येणाऱ्यानं ते वाचावं हा हेतू होता. बायका पाणी घरून आणायला लागल्या.

शेडमध्ये साळूबाई होती, आणखी चौघीपाचजणी होत्या आणि पुष्पावती होती. पुष्पावतीचं आणि माझं कधी जमलं नाही. ती कामाला उशिरा येई, कानाला मोबाईल लावून पेरू लावी आणि खोकं काठापर्यंत यायच्या आतच हात झटकून मोकळी होई.

"एक थर अजून बसंल की गं," मी म्हणायची.

"बसंल. पण पेरूला बी मांडी घालायला जागा नको का?"

मी तिच्या खोक्यात आणखी पेरू दाबून बसवायची. माझी पाठ वळली की ती ते काढून पाटीत टाकायची. हे मला फार नंतर कळलं. तेव्हा मला फक्त एवढंच दिसत होतं, की ही बाई आळशी आहे आणि गटाचं नाव घालवणार आहे.

माझी खोकी मात्र बघण्यासारखी असायची. पेरू काठाच्या वर येईपर्यंत भरायचे, झाकण लावायचं, त्यावर तळहात टेकून भार द्यायचा आणि चिकटपट्टी मारायची. खोकं कसं भरल्या घरासारखं दिसायचं.

त्या थंडीत आमचा माल इंदूरला जायला लागला. तिकडच्या एका शेठनं पेरू खाऊन पाहिला होता आणि त्याला तो आवडला होता. पहिल्या खेपेला त्याचा फोन आला, माल छान आहे म्हणाला. पण पुढं पुढं गाडी भरून जायला लागली तशी तक्रार यायला लागली. काही खोक्यांत डाग पडतात. त्यानं मोबाईलवर फोटो पाठवले. तपकिरी डाग पडलेले पेरू पाहून मला रात्री जेवण गेलं नाही. माझ्याकडं उत्तरं मात्र तयार होती. पहिल्या फोटोला मी म्हटलं, अंगद गाडी दामटतो. अंगद हा आमच्याच गावचा आयशर ट्रकवाला. दुसऱ्या फोटोला म्हटलं, मालेगावच्या पुढं रस्ता खराब आहे. तिसऱ्या फोटोला म्हटलं, शेठ लबाड आहे, दुसऱ्याच कुणाच्या पेरूचे फोटो धाडतो. आणि सगळं संपल्यावर म्हटलं, पुष्पावती.

तिला पुराव्यानिशी पकडायचं ठरवून मी नवीन पद्धत काढली. जिनं खोकं भरलं तिनं त्यावर आपली खूण करायची. साळूबाईनं उभी रेघ घेतली. पुष्पावतीनं फूल काढलं. मी स्वतःसाठी चांदणी ठेवली. दुसरं काय ठेवणार होते?

शेठला फोन करून सांगितलं, की पुढच्या गाडीबरोबर मी स्वतः येते आणि माझ्या डोळ्यांसमोर खोकी उघडा. घरी सांगितलं तेव्हा सोपान गाईचं दूध काढत होते. त्यांनी वर न बघताच विचारलं, "तू जाणार? ट्रकमदी?"

"व्हय."

"कोपरगावपर्यंत एस्टीत जायचं तर तुला उलटी हुती."

"ती एस्टी. ही आपली गाडी हाय."

त्यांनी धार चालू ठेवली. एवढ्यात ओसरीवरून सासूबाई म्हणाल्या, "इंदूरच्या वाटंवर महू लागतं ना?"

आम्ही दोघं त्यांच्याकडं बघायला लागलो.

"बाबासाहेब जिथं जन्मले ते महू. शेजारच्या आळीतल्या समद्या बाया जाऊन आल्या. मी ऱ्हायले. मी बी येते."

सासूबाईंची सत्तरी उलटलेली. मी म्हटलं, "आई, ट्रकमदी दिवसभर बसायचंय. तुमाला झेपायचं न्हाई. हाल हुतील."

"कुनाचे हुत्यात ते बघू," त्या म्हणाल्या आणि लुगडं वाळत घालायला गेल्या.

गाडी भरताना मी सगळ्यांच्या खुणांची खोकी खालीवर, आतबाहेर अशी मुद्दाम मिसळून लावायला सांगितली. नंतर पुष्पावतीनं म्हणायला नको, की माझीच खोकी खाली घातली. या न्यायबुद्धीचं मला तेव्हा फार कौतुक वाटलं होतं.

सकाळी निघालो. केबिनमध्ये अंगद, मध्ये मी, खिडकीशी सासूबाई. मला गाडी कशी चालवावी यावर अंगदला बरंच सांगायचं होतं. येवल्यापर्यंत मी प्रत्येक गतिरोधकाला "हळू" म्हटलं. खड्डा आला की "आता बघ, आत पेरूला काय वाटलं असंल," म्हटलं. अंगद गुणी. "व्हय काकू," एवढंच म्हणायचा. मनमाडच्या पुढं माझा आवाज बारीक झाला. मालेगावात मी बोलायची थांबले. धुळ्याच्या अलीकडं मी सासूबाईंना ओलांडून खिडकीबाहेर डोकं काढलं आणि त्यानंतरचा महाराष्ट्र मी फारसा पाहिलेला नाही.

अंगदनं लिंबू दिलं. त्याचा उपयोग झाला नाही. सासूबाईंनी मला खिडकीची जागा दिली आणि स्वतः मध्ये सरकल्या. कानाला मफलर, मांडीवर डबा, डोळे रस्त्यावर. धुळ्याला त्यांनी भाकरी आणि ठेचा खाल्ला. शिरपूरला चहा घेतला. सेंधव्याच्या घाटात, जिथं वळणावळणाला मी सगळ्या नातेवाइकांचा मनातल्या मनात निरोप घेत होते, तिथं त्या अंगदला त्याच्या लग्नाबद्दल विचारत होत्या.

"आजी, काकू गप झाल्या तवापासून गाडी कशी सुखानं चाललीय," अंगद म्हणाला. मला ऐकू येत नाही असं त्याला वाटलं असावं. ऐकू सगळं येत होतं, उत्तर देण्याची ताकद नव्हती.

इंदूरला पोचलो तेव्हा अंधार पडला होता. शेठनं बाजाराजवळच्या धर्मशाळेत खोली सांगून ठेवली होती. मी अंगावरच्या साडीनिशी आडवी झाले. पेरूला जाळी होती, कात्रणं होती, श्वासाला भोकं होती. मला यातलं काहीच नव्हतं, आणि ते दिसत होतं. सकाळी आरशात पाहिलं तर डोळ्यांखाली काळं, ओठ सुकलेले. शेठनं खोक्यातून मला बाहेर काढलं असतं तर नक्की परत पाठवलं असतं.

तरी मी तोंड धुतलं, नवी साडी नेसले आणि गाळ्यावर गेले. शेठ म्हातारपणाकडं झुकलेला, गळ्यात मफलर, गोल चेहऱ्याचा माणूस. त्यानं आमच्यासाठी पोहे मागवले. मी पोह्यांना हात लावला नाही. लाचेसारखे वाटले. शिवाय पोट अजून सेंधव्यातच होतं.

मी उभी राहिले आणि हिंदीत सुरुवात केली. "शेठजी, हमारा पेरू घर से निकलता है तब एकदम टवटवीत रहता है. हम उसको बंडी घालते है. वो श्वास लेता है. तुम्हारे इधर आके उसको क्या होता है, वो देखने को मैं आयी है."

शेठनं मान हलवली. "देखिए, जरूर देखिए."

मी सासूबाईंकडं वळून मराठीत म्हटलं, "बघा कसा गोड बोलतोय. तोंडावरनंच कळतंय, लबाड हाय."

सासूबाई पोहे खात होत्या. त्यांनी शेठकडं नीट बघितलं आणि म्हणाल्या, "मला तर बरा वाटतोय."

हमालानं खोकी उतरवून रांगेत लावली. पहिलं साळूबाईचं उघडलं. एकदोन पेरूंना डाग होते, बाकी ठीक. मग फुलाचं उघडलं. मी पुढं वाकले. पुष्पावतीची चूक आता सगळ्या इंदूरला दिसणार होती. हमालानं वरचा कागद काढला. आतले पेरू जसे आम्ही घातले तसेच होते. हिरवट पिवळे, घट्ट, बंड्या घालून शाळेत बसलेल्या पोरांसारखे.

"हे वरचं खोकं असंल," मी म्हटलं. "नीचेवाला फूल खोलो."

खालचं उघडलं. तसंच.

"आता चांदणी," सासूबाई म्हणाल्या. खुणांची पद्धत त्यांना माहीत होती, कारण मीच त्यांना दोनदा समजावली होती.

माझं खोकं उघडताना झाकण आपोआप वर उचललं गेलं. वरच्या थरातल्या पेरूंवर तपकिरी डाग होते, आणि नुसते डाग नव्हते, जाळीचा ठसा उमटला होता. चटईवर गाल दाबून झोपलेल्या माणसाच्या तोंडावर उमटतो तसा. मी बोटानं दाबून पाहिलं. बोट आत गेलं.

दुसरी चांदणी उघडली. तीही तशीच. तिसरी मी उघडू दिली नाही. हमालानं ती बाजूला ठेवली आणि तिच्यावर आणखी एक चांदणी ठेवली, तर वरचं खोकं डुलायला लागलं. त्यानं हात काढला आणि पुन्हा लावला. ते खोकं माझ्याच्यानं बघवेना. झाकण मधोमध वर आलं होतं.

"पोट फुगलंय तुझ्या खोक्याचं," सासूबाई म्हणाल्या. "लग्नात जेवून आलेल्या मानसावानी."

तेव्हा मला राहुरीचे सर आठवले. बोटभर जागा. फुलाचं खोकं वर सपाट होतं. त्याच्यावर कितीही खोकी ठेवा, ओझं पुठ्ठाच पेलणार. माझ्या खोक्यात पुठ्ठ्याला काही कामच उरलं नव्हतं. वरच्या सगळ्या थप्पीचं ओझं माझ्या दिलदारीखाली बसलेल्या पेरूंनी पेललं होतं, राहात्यापासून इंदूरपर्यंत. पहिल्या खेपेला गाडी अर्धीच भरलेली होती, थप्पी उंच नव्हती, म्हणून ते निभावलं.

हे सगळं मला कळलं. आणि कळल्यावर मी काय केलं, तर शेठकडं वळून म्हटलं, "रस्ता बहुत खराब है, शेठजी. बहुत गड्ढा है."

"पुष्पावतीच्या पेरवाला बी त्योच रस्ता हुता," सासूबाई मराठीत म्हणाल्या.

"आई, तुमी गप बसा. त्याला काय मराठी कळतंय."

शेठनं मफलर नीट केला. "कळतं, ताई," तो स्वच्छ मराठीत म्हणाला. "माझं आजोळ धुळ्याचं. लहानपणी सुट्टीत तिकडंच असायचो."

मला, मी मघापासून काय काय बोलले त्याची उजळणी करायची होती, पण मी आदल्या दिवशीपासून काही खाल्लं नव्हतं आणि उभं राहवेना. मी एका खोक्यावर बसले. ते चांदणीचंच निघालं. आतून काहीतरी दबल्याचा आवाज आला, आणि मग अंगदला आधी हसू फुटलं, मग हमालाला, मग शेठला. सासूबाई हसल्या नाहीत. त्यांनी पोह्यांची बशी माझ्या हातात दिली.

"खा आधी."

मी खाल्ले. चांगले होते. वर बारीक शेव होती.

शेठ शेजारी स्टूल ओढून बसला. "ताई, मी खोटे फोटो पाठवत नव्हतो. तुमचा पेरू गोड आहे, म्हणून तर तक्रार केली. नसता तर घेणंच बंद केलं असतं." मग त्यानं फुलाच्या खोक्यावर हात ठेवला. "ही बाई कोण? सगळी खोकी हिलाच भरू द्या ना."

मी घास गिळला. "शेजारीच ऱ्हाते," मी म्हटलं. उत्तर प्रश्नाला धरून नव्हतं, पण तेवढंच जमलं.

दुपारी अंगद परतीच्या भाड्याच्या मागं लागला आणि आम्ही दोघी बसनं महूला गेलो. शेठनं एक खोकं सोबत दिलं. मी चांदणीचं उचलत होते, सासूबाई म्हणाल्या, "फुलाचं घे. मानसं खानार हायेत."

पांढऱ्या घुमटाची इमारत लांबूनच दिसली. सासूबाईंनी चप्पल काढली, पदर डोक्यावर घेतला आणि आत जाताना माझा हात धरला. दिवसभराच्या ट्रकच्या प्रवासात धरला नव्हता, तो इथं धरला. पुतळ्यापुढं त्या खाली बसल्या आणि फरशीवर तळहात टेकवून बराच वेळ तशाच राहिल्या.

"माझ्या बापाला वाचता येत नव्हतं," त्या म्हणाल्या. "घरात भिंतीला एकच फोटू हुता. त्यो पुसायचं काम माझ्याकडं. बाप म्हनायचा, हळू पूस, काच हाय. मी रोज पुसायची, काय कळत नव्हतं तरी."

मला काही चांगलं बोलावंसं वाटलं. एरवी मला शब्दांची कमतरता नसते. पण काही सुचलं नाही, आणि न सुचल्याचं त्या दिवशी वाईटही वाटलं नाही. मी खांबाला टेकून त्यांच्याजवळ बसले. थंड फरशी, शांत जागा, पोटात पोहे. मी तिथंच झोपी गेले. पहारेकऱ्यानं "मॅडम, मॅडम" करत उठवलं तेव्हा माझं तोंड उघडं होतं आणि एक शाळेची सहल माझ्याकडं बघत उभी होती. सासूबाई बाहेर पायरीवर बसून पोरांना पेरू वाटत होत्या. प्रत्येक पेरूची बंडी काढून नीट घडी घालून खोक्यात ठेवत होत्या. पोरं पेरू चावत होती आणि एकमेकांना दाखवत होती. मी उठून त्यांच्यापाशी जाऊन बसले. एक पोरगी माझ्याकडं बघून म्हणाली, "आंटी सो गयी थी." स्वतःला हिंदी येत नसतानाही सासूबाईंनी तिला सांगितलं, "थकली है. लई काम किया."

परतीच्या वाटेवर मी शेडमध्ये काय सांगायचं ते ठरवत होते. "आपल्याकडून थोडं जास्त भरलं जातं" असं मोघम वाक्य मी तयार केलं. त्यात कुणाचं नाव नव्हतं. घरी पोचल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी शेडवर गेले. सगळ्या बायका वेळेवर आल्या होत्या, पुष्पावतीसुद्धा, हे मला तेव्हाच खटकायला हवं होतं.

"आपल्याकडून थोडं जास्त भरलं जातं," मी म्हटलं.

"आपल्याकडनं म्हंजी?" पुष्पावतीनं विचारलं.

"म्हंजी गटाकडनं."

साळूबाईनं तोंडाला पदर लावला. माठाजवळ उभ्या असलेल्या दोघी भिंतीकडं तोंड करून उभ्या राहिल्या, त्यांचे खांदे हलत होते. सासूबाई पहाटेच, मी झोपेत असताना, दूध घालण्याच्या निमित्तानं घरोघरी सांगून आल्या होत्या. मी खोक्यावर बसले ते, शेठला मराठी येतं ते, पहारेकऱ्यानं उठवलं ते, सगळं. वर थोडं जास्त घातलंही होतं. शेजवळांच्या घरात माप कुणाच्याच हाताला नाही.

मग मी सरळ सांगितलं. "माझी खोकी खराब निघाली. पुष्पावतीची चांगली निघाली. शेठ म्हनला, तिलाच भरू द्या."

हसणं थांबलं. पुष्पावतीनं मोबाईल ओच्यात खोचला. मला वाटलं आता ही मला सोडत नाही. ती म्हणाली, "ताई, मी काय शहानपणानं कमी भरत नव्हते. जड खोकं उचलाया माझी कंबर दुखती."

ती खरं बोलली याचा मला जितका आनंद झाला तितका कशाचाच झाला नसता. शहाणपणापुढं हरणं मला जड गेलं असतं, कंबरेपुढं हरायला माझी हरकत नव्हती.

आता ती भरलेल्या खोक्यावर एक सरळ पट्टी आडवी धरते. पट्टीला पेरू लागला की काढते. माझ्या खोक्यातून ती रोज पेरू काढते, कारण माझा हात अजून ऐकत नाही. शेवटी बायकांनी मिळून मला भरण्यावरून उठवलं आणि खोकी जोडायला, चिकटपट्टी मारायला आणि फोनवर बोलायला बसवलं. शेठच्या तक्रारी थांबल्या. कधीकधी तो फोन करतो आणि आधी सासूबाईंची चौकशी करतो.

मार्चमध्ये नगरला बचत गटांचा मेळावा होता. तिथं मला थोडा वेळ बोलायला दिलं होतं. मी पेरूच्या श्वासावर बोलायला लागले, माणसं नेहमीप्रमाणं चहाकडं सरकली. एकटी बनुबाई बसून राहिली. ती अकोले तालुक्याच्या डोंगरातली, राजूरची. माझं संपल्यावर ती जवळ आली. "आमची जांभळं राजूरच्या बाजारातून पुढं जातच न्हाईत. संध्याकाळपर्यंत पाणी हुतंय त्यांचं. तुमी या एकदा."

मला कुणी बोलावलं याचाच मला धक्का बसला होता. पावसाच्या तोंडावर मी गेले आणि पुष्पावतीला सोबत घेतलं. ती कुरकुरत आली, वाटेत माझ्या उलटीसाठी पिशव्या धरून बसली. बनुबाईच्या ओट्यावर बायकांनी करंड्या भरून जांभळं आणली होती. काळी, चकचकीत, हात लावला की बोट रंगवणारी.

"ही बी श्वास घेत्यात का?" बनुबाईनं विचारलं.

"घेत असतील. पण किती, ते मला न्हाई माहीत," मी म्हटलं. "पेरूसारखं हिकडं चालंल असं मी सांगू शकत न्हाई. करून बघावं लागंल."

पुष्पावतीनं माझ्याकडं चमकून पाहिलं.

आम्ही भोकांच्या छोट्या डब्या नेल्या होत्या. तळाला कागद, एकच थर, देठासकट जांभळं. पहिल्या दिवशी उन्हात तोडलेली भरली आणि दुपारच्या एस्टीनं नगरला एका गटाकडं पाठवली. तिथून फोटो आला. जांभळा रस्सा होता. दुसऱ्या दिवशी उजाडताना तोडली, सावलीत पसरून गार होऊ दिली आणि मग भरली. डबीत एकावर एक जांभूळ चढलं की पुष्पावती ते उचलून खायची. मी भरत नव्हते, डब्या जोडत होते.

संध्याकाळी नगरहून फोन आला. अर्ध्याहून जास्त डब्या चांगल्या पोचल्या होत्या. बनुबाईनं तो निरोप ओट्यावरच्या बायकांना सांगितला. त्यांनी उरलेल्या डब्यांचं काय झालं असेल यावर बोलायला सुरुवात केली. कुणी म्हणालं एस्टीच्या टपावर ऊन लागलं असेल, कुणी म्हणालं फळच जास्त पिकलेलं होतं.

"उद्या थोडी लालसर असतानाच तोडून बघू," बनुबाई म्हणाली. "ऱ्हाता का उद्या?"

मी पुष्पावतीकडं बघितलं. तिनं करंडी पुढं ओढली आणि फुटलेली जांभळं वेगळी काढायला लागली. मी सोपानना फोन लावला आणि सांगितलं, आम्ही आज येत नाही.